एका तीराचा सेतु

समुद्रकांठीं काढलेलीं घरोघरचीं छायाचित्रें एकत्र मांडलीं, तर त्यांत एक विलक्षण साम्य आढळून येतें. मंडळी समुद्र पाहण्यासाठीं शेंकडों मैल जातात, आणि चित्र काढण्याची वेळ आली म्हणजे समुद्राकडे पाठ करून एका ओळींत उभ्या राहतात. मावळतीचा सूर्य पाठीशीं असल्यामुळें चेहरे काळवंडतात. क्षितिजाची रेषा कोणाच्या तरी एका कानांतून शिरून दुसऱ्यांतून बाहेर पडते. आणि ज्या समुद्रासाठीं एवढा प्रवास केला, तो डोक्यांच्या फटींतून थोडाथोडा डोकावतो. याच्या अगदीं उलट प्रकार हल्लीं तरुण मंडळींत रूढ झाला आहे. त्यांच्या चित्रांत समुद्र असतो, आकाश असतें, पाण्यांत उभा राहिलेला एखादा धक्का असतो. नसतें तें माणूस. किनारा असा निर्मनुष्य, कीं सृष्टीचा पहिलाच दिवस कोणीं टिपला असावा! पहिल्या प्रकारांत माणसें आहेत, पण स्थळ नाहीं. दुसऱ्यांत स्थळ आहे, पण माणसें नाहींत. या महिन्यांत आम्ही वाचकांशीं बोलणार आहों तें या दोहोंच्या मधल्या वाटेविषयीं.

पस्तीस वर्षें मुलांकडून संस्कृत शब्द चालवून घेतल्यावर, सेवानिवृत्तीच्या काळांत आम्हांस कॅमेऱ्याचा नाद लागला. गेल्या हिवाळ्यांत पुतण्याच्या आग्रहावरून आम्ही उभयतां इंग्लंडास गेलों आणि ब्रायटन या समुद्रकांठच्या शहरीं त्याच्याकडे दोन महिने राहिलों. लंडनपासून दक्षिणेस आगगाडीनें सुमारें एका तासाच्या वाटेवर हें शहर आहे. पुतण्यासही आमच्यासारखाच नाद. त्यामुळें थंडीवाऱ्याची पर्वा न करितां काका-पुतण्यांची जोडी रोज दुपारीं किनाऱ्यावर जाई, आणि सौ. शालजोडी पांघरून आमच्या मागोमाग येई. तेथें जें पाहिलें, केलें व ज्यावरून वाद घातला, त्यांतून पुढील विचार सुचले आहेत.

आमच्या कॅमेऱ्याचा मुख्य विषय म्हणजे तेथील ‘पिअर’. या वस्तूस मराठींत नेमका शब्द नाहीं. धक्का म्हणावें, तर धक्का हा कामाचा. गलबतें लागावीं, माल उतरावा, उतारूंनीं चढावें-उतरावें, यासाठीं तो बांधतात. मुंबईचा भाऊचा धक्का हें त्याचें सर्वांच्या परिचयाचें उदाहरण. पूल म्हणावें, तर पुलास दोन तीर लागतात. संस्कृतांतील ‘सेतु’ शब्द ‘सि’ म्हणजे बांधणें या धातूपासून झाला आहे. दोन तीरांस एकमेकांशीं बांधतो तो सेतु. इंग्लंडांतील हा पिअर मात्र किनाऱ्यापासून निघून सरळ समुद्रांत शिरतो, आणि हजार-दीड हजार फूट गेल्यावर आपला थांबतो. पलीकडे कांहीं नाहीं. लोक त्याच्या टोंकापर्यंत जातात, वारा खातात, पाण्याकडे पाहतात आणि आल्या वाटेनें परततात. असा हा एका तीराचा सेतु! पलीकडच्या तीराशीं त्याचें नातें नसल्यामुळें त्याचा सारा अर्थ अलीकडच्या तीरावर, म्हणजे किनाऱ्यावर आणि तेथील माणसांवर, अवलंबून राहतो. पिअरचें छायाचित्र घेऊं इच्छिणारानें ही एक गोष्ट प्रथम ध्यानांत धरावी.

ब्रायटननें असे तीन पिअर पाहिले. पहिला १८२३ सालचा. कॅप्टन सॅम्युएल ब्राउन यानें तो लोखंडी साखळ्यांवर तोलून बांधला, आणि फ्रान्समधील दिएप बंदराशीं ये-जा करणाऱ्या बोटींची सोय हा त्याचा मूळ हेतु होता. परंतु बोटीनें कोठेंही जावयाचें नसलेले लोकच पैसे देऊन त्यावर फिरावयास येऊं लागले. १८९६ सालच्या डिसेंबरांत एका वादळानें तो नाहींसा केला. दुसरा ‘वेस्ट पिअर’ १८६६ सालीं उघडला. युजेनियस बर्च हा त्याचा स्थपति. त्यानें बिडाचे खांब मळसूत्राप्रमाणें समुद्रतळांत पिळून बसविले. १८९३ सालीं या पिअरच्या समुद्राकडील टोंकास भव्य मंडप झाला व १९१६ सालीं मध्यभागीं संगीतगृह उभें राहिलें. पुढें देखभालीअभावीं तो धोक्याचा ठरून १९७५ सालीं बंद पडला. २००२ च्या अखेरीस वादळांत त्याचा कांहीं भाग कोसळला. २००३ च्या मार्च व मे महिन्यांत लागलेल्या दोन आगींत मंडप व संगीतगृह हीं दोन्ही गेलीं. २००४ सालीं मधला भाग पडला. आणि २०१४ च्या फेब्रुवारींतील वादळानें उरलेल्या सांगाड्याचेही दोन तुकडे केले. तिसरा ‘पॅलेस पिअर’ १८९९ सालचा. तो सुमारें ५२५ मीटर लांबीचा असून दिव्यांच्या झगमगाटांत व पाळण्यांच्या गोंगाटांत आजही नांदतो आहे.

आतां गंमत अशी, कीं ज्याच्या हातीं चांगला कॅमेरा आहे तो नांदत्या पिअरकडे फारसा वळत नाहीं. पडक्याच्या समोर तिवई रोवून बसतो. पाण्यांत एकाकी उभा असलेला तो काळा लोखंडी सांगाडा, त्याच्या फांसळ्यांतून दिसणारा मावळतीचा तांबडा उजेड, हें दृश्य खरोखरच मन ओढून घेणारें आहे. ओसाड वास्तूचें वेड माणसास पुरातन आहे. त्यास दोष देण्याचें कारण नाहीं. मात्र तें डोळसपणें असावें.

प्रथम उजेडाविषयीं. कोंकणचा किनारा पश्चिमाभिमुख असल्यामुळें तेथें बाराही महिने सूर्य समुद्रांत बुडतो, आणि त्याचें आपणांस कांहींच नवल वाटत नाहीं. ब्रायटनचा किनारा दक्षिणाभिमुख आहे. तेथें उन्हाळ्यांत सूर्य वायव्येस म्हणजे शहराच्या अंगास मावळतो. समुद्रावर तो मावळतो हिवाळ्यांत, नैर्ऋत्येस. म्हणून पडक्या पिअरच्या मागें सूर्यबिंब आणावयाचें असेल, तर हाडें गोठविणाऱ्या डिसेंबर-जानेवारींतच जावें लागतें आणि पिअरच्या किंचित् पूर्वेच्या अंगास उभें राहावें लागतें. या थंडीची भरपाई निसर्ग एका रीतीनें करतो. डिसेंबरच्या अखेरीस तेथें भर दुपारींही सूर्य क्षितिजापासून १६ अंशांहून वर चढत नाहीं. त्याच दिवशीं पुण्यास तो ४८ अंशांपर्यंत चढतो. आपल्याकडे छायाचित्रकारास सकाळचा एक तास व सायंकाळचा एक तास मिळतो. तेथें हिवाळ्यांत आभाळ निवळलें, कीं अख्खा दिवसच सायंकाळ! खांबांच्या सांवल्या लांबलचक पडतात आणि किनाऱ्यावरील प्रत्येक गोटा वेगळा उठून दिसतो. तो दिवस मात्र चारच्या सुमारास संपतो. दुपारच्या चहास घरीं थांबलेल्या मनुष्याच्या हातीं अंधाराखेरीज कांहीं लागत नाहीं.

किनाऱ्यावर वाळू असेल या समजुतीनें जाणाराची तेथें निराशा होते. सारा किनारा गोट्यांचा. आणि ते गोटे बहुतांशीं चकमकीच्या दगडाचे. लाट माघारी जातांना त्यांस खडखडत ओढून नेते. पळीपंचपात्रींचा ढीग कोणी उपसावा तसा तो आवाज रात्रंदिवस चाललेला असतो, आणि तो मात्र कोणत्याही छायाचित्रांत येत नाहीं. येथील लाटा गोट्यांस सामान्यतः पश्चिमेकडून पूर्वेकडे ढकलीत नेतात. तें थांबावें म्हणून किनाऱ्याशीं काटकोन करून समुद्रांत आडव्या भिंती घातल्या आहेत. भिंतीच्या पश्चिमेस गोट्यांचा उंच ढीग चढलेला व पूर्वेस खोलगट भाग पडलेला दिसतो. या खोलगट भागांत उतरून भिंतीच्या कडेनें पाहिलें, म्हणजे भिंतीची रेषा दृष्टीस आपोआप पिअरपर्यंत नेऊन पोंचविते. पूर्ण ओहोटीच्या वेळीं मात्र गोट्यांच्या पलीकडे ओलसर वाळूचा पट्टा उघडा पडतो. उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीच्या पाण्यांत तेथें सुमारें ६ मीटरांचा फरक असतो. मुंबईस तो साडेचार-पांच मीटरांपर्यंत जातो, हें लक्षांत घेतां या फरकाची कल्पना येईल. त्या ओल्या पट्ट्यांत पिअरचे खांब उलटे उमटतात. सूर्यास्त व ओहोटी यांची गांठ ज्या दिवशीं पडते, तो दिवस पंचांगांतील पर्वकाळाप्रमाणें आधीं पाहून ठेवावा. भरती-ओहोटीचें कोष्टक पाहिल्यावांचून समुद्राचें छायाचित्र काढावयास जाणें म्हणजे मुहूर्त न पाहतां लग्नास निघणें होय.

साधनांविषयीं चार शब्द. गोट्यांवर तिवई नुसती ठेवली तर ती हळूहळू खचते; तिचे पाय दाबून, पिळून आंत रोवावे आणि मधल्या आंकड्यास पिशवी टांगून वजन द्यावें. खाऱ्या तुषारांनीं कांच धुरकट होते, म्हणून सुती फडकें खिशांत असावें. क्षितिज सरळ असावें. तें जरा कलतें राहिलें, कीं सारा समुद्र एका बाजूस सांडून जातो कीं काय, असें वाटतें. खिशांतील मोबाइलनें चित्र घेणाऱ्यांनीं पडद्यावर आकाशाच्या उजळ भागीं बोट टेंकून मग कळ दाबावी. आकाशाचे रंग राहतात आणि पिअर काळा, रेखीव उमटतो. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे पाण्याकडे पाठ करून यंत्रांत डोळे घालून बसूं नये. उतरत्या गोटाळ किनाऱ्यावर एखादी लाट अवचित वर चढते व परततांना पायांखालचे गोटेच ओढून नेते. हा इशारा ब्रायटनपुरताच नाहीं. आमच्या कोंकणच्या खडकांवर उभे राहणाऱ्यांनींही तो ध्यानांत ठेवावा.

आतां मुख्य मुद्द्यावर येतों. कॅमेऱ्याची झडप किती वेळ उघडी ठेवावी, या एका प्रश्नांत साऱ्या वादाचें मूळ आहे. आमच्या अमरकोशांत कालमापन दिलें आहे, तें असें : अठरा निमेषांची एक काष्ठा, तीस काष्ठांची एक कला, तीस कलांचा एक क्षण व बारा क्षणांचा एक मुहूर्त. मुहूर्त अठ्ठेचाळीस मिनिटांचा. म्हणजे क्षण बरोबर चार मिनिटांचा झाला. आणि भागाकार करीत खालीं गेल्यास निमेष हा सेकंदाचा सुमारें सदुसष्टावा भाग येतो. कॅमेऱ्याच्या चक्रीवर सेकंदाचा साठावा भाग असा जो आंकडा असतो, त्याच्या किती जवळ! बोलतांना आपण ‘क्षणार्धांत’ म्हणतों तेव्हां हीं दोन मिनिटें आपल्या मनांत नसतात, ही गोष्ट वेगळी. परंतु छायाचित्रकारास ही वांटणी फार उपयोगी आहे. एक छायाचित्र निमेषाचें, दुसरें क्षणाचें.

निमेषाच्या चित्रांत लाट लाटेसारखी दिसते, चालणारा मनुष्य पाऊल उचललेला दिसतो. चार मिनिटांच्या चित्रासाठीं भिंगापुढें काळी कांच बसवितात. पुतण्याजवळील कांच उजेडास दहा वेळां निम्मा करणारी होती. दोनाचा दहावा घात १०२४. म्हणजे कांचेवांचून पाव सेकंद पुरे असेल, तेथें कांच लावल्यावर २५६ सेकंद, सव्वाचार मिनिटें, झडप उघडी ठेवावी लागते. तेवढ्या वेळांत कितीतरी लाटा येतात-जातात, आणि त्या साऱ्या एकमेकींत मिसळून समुद्र दुधाळ धुक्यासारखा होऊन बसतो. जें हलतें तें नाहींसें होतें. जें स्थिर आहे तेवढेंच उरतें. पिअरचे खांब उरतात. माणसें पुसलीं जातात.

पक्षीही पुसले जातात. हिवाळ्याच्या संध्याकाळीं या पिअरांभोंवतीं स्टार्लिंग नांवाच्या पक्ष्यांचे हजारोंचे थवे घिरट्या घालतात. हे आपल्या साळुंकीच्या कुळांतले. आमच्याकडे हिवाळ्यांत ज्वारीच्या शेतांवर उतरणारे भोरड्यांचे थवे ज्यांनीं पाहिले असतील, त्यांस या दृश्याची कल्पना येईल. आकाशांत जणूं कोणी काळी चादर झटकीत आहे! क्षणांत ती ताणली जाते, क्षणांत गोळा होते, आणि अंधार पडतांच सारा थवा पिअरखालच्या लोखंडांत शिरून निजतो. हा थवा टिपावयाचा, तर झडप सेकंदाच्या पांचशेव्या भागापुरती उघडावी लागते; निमेषही त्यास फार मोठा होतो. चार मिनिटांच्या चित्रांत एवढे हजारों पक्षी येतात आणि आकाशाच्या कडेस एक पुसट डाग तेवढा राहतो. पक्षी आणि दुधाळ समुद्र हीं दोन्ही एका चित्रांत मिळत नाहींत. कशास ठेवावें आणि कशास जाऊं द्यावें, हें घेणारास ठरवावेंच लागतें.

एके दिवशीं पुतण्यानें तिवई रोविली, काळी कांच चढविली, आणि पाहतो तों समोर गोट्यांवर सौ. बसलेली. “काकू, जरा बाजूला सरकाल का? चित्रांत येतां आहांत,” तो म्हणाला. ती म्हणाली, “अरे, एवढा मोठा समुद्र पडला आहे, तूंच सरक कीं! माझे गुडघे आतां कोठें जरा शांत झाले आहेत.” “बरें, मग निदान हलूं तरी नका,” असें म्हणून त्यानें कळ दाबली. त्या चार मिनिटांत किनाऱ्यावरून दोन कुत्रीं धांवत गेलीं, एक मुलगा गोटे फेंकीत गेला, पंधरा-वीस माणसें आलीं-गेलीं. घरीं येऊन चित्र मोठें करून पाहिलें, तों यांतील कोणीही त्यांत नव्हतें. धुक्यासारखा समुद्र होता, काळा सांगाडा होता, आणि शालींत गुरफटून समुद्राकडे पाहत बसलेली सौ. होती. “काका, काकूंना पुसून टाकूं का? एका मिनिटाचें काम आहे,” पुतण्यानें विचारलें. आम्ही उत्तर देण्यापूर्वींच स्वयंपाकघरांतून आवाज आला, “पूस बाबा! पण मग त्या वेळीं मी कोठें होतें, तें तुझ्या काकांना विचारून ठेव.” पुतण्यानें पुसलें नाहीं.

या प्रसंगावरून छायाचित्रणाच्या बाल्यावस्थेंतील एक सुप्रसिद्ध चित्र आम्हांस आठवलें. १८३८ सालीं डागेर या फ्रेंच कलावंतानें पॅरिसमधील एका गजबजलेल्या रस्त्याचें चित्र घेतलें. त्या काळच्या रासायनिक पत्र्यावर चित्र उमटावयास कित्येक मिनिटें लागत. त्यामुळें रस्त्यावरील गाड्या, घोडे व माणसें सारीं नाहींशीं झालीं. उरला तो कोपऱ्यावर उभा राहून जोडे पुसवून घेणारा एक मनुष्य. छायाचित्रांत सांपडलेल्या पहिल्यावहिल्या माणसांत त्याची गणना होते. डागेरच्या हातीं याहून वेगवान साधन नव्हतें. माणसें पुसलीं जावींत, अशी त्याची इच्छा नव्हती. आज आपल्या हातीं सेकंदाचा हजारावा भाग पकडणारें यंत्र आहे, आणि आपण त्यापुढें मुद्दाम काळी कांच धरून माणसें घालवितों! कला म्हणून तें जरूर करावें. आम्हींही केलें आहे. मात्र किनाऱ्याचें खरें रूप तेंच, असें मानूं नये.

कॉन्स्टेबल या थोर इंग्रज चित्रकारानें साखळ्यांच्या त्या पहिल्या पिअरचें चित्र काढलें व १८२७ सालीं तें लंडनच्या रॉयल अकॅडमींत मांडलें. चित्राचें नांव पिअरचें. पण पिअर दूरवर, क्षितिजालगत एखाद्या रेघेसारखा. पुढें सारा पसरला आहे तो किनारा. त्यावर कोळ्यांच्या होड्या, शिडें, जाळ्यांचें सामान, कामांत असलेलीं माणसें. आणि वर ढगांनीं भरलेलें आभाळ. पिअर वाहून गेल्यास आतां सव्वाशें वर्षें उलटून गेलीं. या चित्रांतून तो कोठें होता, कोणाच्या शेजारीं होता, त्याच्या सांवलींत कोणाचा संसार चालला होता, हें कळतें. केवळ पिअरच डोळ्यांत भरेल असें काढलें असतें, तर एका बांधकामाची आकृति राहिली असती. किनारा राहिला नसता.

पडक्या पिअरसमोरील बाकावर एक वृद्ध इंग्रज गृहस्थ नेहमीं येऊन बसत. दोन-चार दिवसांच्या नमस्कार-चमत्कारानंतर त्यांनीं आपल्या पाकिटांतून एक लहानसा जुना फोटो काढून आम्हांस दाखविला. त्यांचे वडील कापडी आरामखुर्चींत झोंपले आहेत, तोंडावर टोपी आहे, आणि पायांशीं पांच-सहा वर्षांचा एक मुलगा आईसक्रीम खात आहे. मागें कठड्याचा एक तुकडा आणि एक दिव्याचा खांब. “हाच तो पिअर,” समोरच्या लोखंडाकडे बोट करून ते म्हणाले. फोटोंत पिअर म्हणून चार फळ्या व एक दिवा याहून अधिक कांहीं नव्हतें. परंतु आम्हांस त्या चार फळ्यांनीं जें सांगितलें, तें समोरच्या सांगाड्यानें दोन महिन्यांत सांगितलें नव्हतें. येथें ऊन असे, येथें झोंप लागे, येथें बापाच्या पायांशीं बसून मूल खाऊ खाई. वेस्ट पिअर यासाठीं बांधला होता, पडण्यासाठीं नव्हे.

तो फोटो पाहिल्यापासून आमच्या मनांत एक वेगळाच धक्का घर करून राहिला आहे. आमचें बालपण रत्नागिरी जिल्ह्यांतील एका बंदरकांठच्या गांवीं गेलें. १९६५ ते १९७० च्या सुमारास मुंबईची आगबोट आमच्या गांवावरून जाई. ती दूर खोल पाण्यांत उभी राही आणि उतारू होडींतून धक्क्यास लागत. आमचे वडील मुंबईस नोकरीस होते. शिमग्यास व मे महिन्यांत ते येत. आणि भोंगा ऐकूं आला, कीं आम्ही भावंडें धांवत जाऊन धक्क्याच्या टोंकाशीं उभीं राहत असूं. होडी हेलकावत जवळ येई. वडील उभे राहून हात वर करीत. माझी थोरली बहीण म्हणते, त्यांच्या डोक्यावर काळी टोपी असे. धाकट्या भावाच्या मतें ते टोपी काढून हातांत धरीत व तीच हालवीत. आम्हांस टोपी मुळींच आठवत नाहीं. वाऱ्यानें उडणारें धोतर आठवतें. तिघांपैकीं कोणाचें खरें, हें ठरविण्यास आज कांहींच साधन नाहीं. वडिलांचें एकच छायाचित्र घरांत आहे. तें तालुक्याच्या गांवीं एका फोटोवाल्याच्या खोलींत काढलेलें. मागें पडद्यावर संगमरवरी जिना, आणि जिन्याच्या पायथ्याशीं रंगविलेलें निळें तळें. खरा समुद्र तेथून दोन हांकांवर होता. पण त्या काळीं समुद्रापुढें फोटो काढवून घ्यावा, असें कोणाच्या मनांतही येत नसे. तो तर रोजचाच! आगबोटी केव्हांच बंद झाल्या. धक्क्याचे दगड अजून आहेत, आणि हल्लीं गांवीं येणारीं तरुण मुलें त्यांचीं सुंदर, निर्मनुष्य छायाचित्रें काढून नेतात. त्यांतील एक आम्हीं पाहिलें. उजेड उत्तम होता, क्षितिज सरळ होतें. तें पाहतांना आमची दृष्टि धक्क्याच्या टोंकाशीं वारंवार जाई. तेथें कोणी नव्हतें.

म्हणून वाचकांस आमची एवढीच सूचना आहे. आपण दादरच्या चौपाटीवर जा, अलिबागेस जा, मालवणास जा किंवा परदेशीं मुलाबाळांकडे जा; समुद्रकांठीं दोन छायाचित्रें घ्या. पहिलें मनास येईल तसें : क्षणाचें, निर्मनुष्य, हवें तितकें सुंदर. दुसरें निमेषाचें. त्यांत घरच्या मंडळींस ओळींत उभें करूं नका आणि कॅमेऱ्याकडे पाहावयास सांगूं नका. सूर्य त्यांच्या कडेस येईल अशा बेतानें तुम्ही उभे राहा, चार पावलें मागें सरा, आणि त्यांस जें करावयाचें तें करूं द्या. कोणी कणसें खाईल, कोणी शिंपले वेंचील, आजी साडीचे ओले कांठ पिळील. त्यांच्या मागें धक्का दिसूं द्या. सगळा नको, ओळखूं येण्यापुरता दिसला तरी पुरे. चित्र यंत्रांतच पडून राहूं देऊं नका. कागदावर छापून घ्या आणि पाठीमागें पेन्सिलीनें ठिकाण, तारीख व प्रत्येकाचें नांव लिहा. नांव लिहितांना नुसतें ‘आजी’ लिहूं नका. पन्नास वर्षांनीं तें चित्र ज्यांच्या हातीं पडेल, त्यांची आजी दुसरीच कोणी असेल.

समुद्रकांठचे सेतु पडावयाचेच. लोखंडाचे असोत कीं दगडाचे, खारें पाणी व वारा त्यांस ठेवणार नाहींत, आणि पडल्यावर पुन्हां बांधण्याइतकी ऐपत प्रत्येक गांवास नसते. परंतु अमक्या दिवशीं सायंकाळीं अमकीं माणसें त्यावर उभीं होतीं, एवढी साक्ष राखून ठेवणें कोणत्याही घरास परवडण्याजोगें आहे. ब्रायटनचीं चारशें चित्रें आम्हीं परत आणलीं. त्यांतील एकच छापून दिवाणखान्यांत लावलें आहे. आणि त्यांत आमच्या पुतण्यानें सरकावयास सांगितलें असतांही न सरकलेली एक व्यक्ति समुद्राकडे पाहत बसलेली आहे.